जांभळीखाली उभ्या गाडीचं ॲव्हरेज

कुळगाव, बदलापूर
२० एप्रिल

चि. चेतन,

तुला आणि हर्षदाला देऊकाकाचा पोटभर आशीर्वाद. इकडे मी, काकी आणि आत्या, आम्ही तिघं ठीक आहोत. तुझी गाडीपण ठीक आहे, तू तिच्याबद्दल जे काय डोक्यात घेऊन बसलायस ते सोडून. पोटाची तक्रार कमी झाली का तुझी? कंपनीच्या कॅन्टीनमधलं खाऊ नको असं काकी सांगते. मी सांगतो खा, पण बसून खा, फोन बघत खाऊ नको. हर्षदाची पाठ कशी आहे? तिला म्हणावं खुर्ची बदल, नाहीतर नोकरी बदल. (हे गमतीत बोललो. लगेच राजीनामा द्यायचा नाही.)

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. एक तर फोनवर तू "काका, मीटिंगमध्ये आहे, दोन मिनिटांत करतो" बोलतोस आणि ती दोन मिनिटं गुरुवारपर्यंत चालतात. दुसरं, आपल्या घरात फोनवर बोललेलं शेजारच्या गल्लीपर्यंत जातं, आणि मला जे सांगायचंय ते काकीला आत्ता कळायला नको. मी सातवीपर्यंत शिकलो, तीपण पूर्ण नाही. अक्षर कसंही आहे, लावून वाच.

तू या महिन्याच्या सुरुवातीला बोललास की तुझ्या मोबाईलमध्ये दिसतं, गाडी लिटरला अकरा किलोमीटर देते. विकणाऱ्याने वीस सांगितलेले. म्हणजे इंजिनात खोट आहे, म्हणून पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो, गाडी पुण्याला नेतो आणि विकून टाकतो. ने बाबा. गाडी तुझी आहे. तुला कंपनीची बस मिळाली म्हणून तू ती सहा महिन्यांपूर्वी माझ्या दारात जांभळीखाली लावून गेलास, मी काय मागायला आलो नव्हतो. पस्तीस वर्षं उल्हासनगरच्या तीन नंबरच्या कॅम्पातून जीन्सचे गठ्ठे टेम्पोतून नेले, मला गाडीचं नवल नाही. पण खोट आहे बोललास ना, ते मला लागलं. गाडी माझ्या हाताखाली असताना तिच्यात खोट निघते, म्हणजे खोट माझ्या हातात आहे असंच झालं. तेव्हा मी शोधायला बसलो. काय काय झालं ते वाच, आणि मध्येच सोडून शेवटाकडे जाऊ नकोस, तुला ती सवय आहे.

मला पहिला संशय तेलाचा. इंजिनातलं तेल बोटावर घेतलं की बोटाला धरून राहिलं पाहिजे, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलेलं. तुझ्या गाडीची तेलाची काडी बाहेर काढली तर तेल बोटावरून पळालं. पाणीच. मी बोललो सापडलं, एवढ्या पातळ तेलात इंजिन चालतंय हेच खूप आहे. लगेच शेअर रिक्षा पकडून कॅम्पात हरेशकडे गेलो. हरेश म्हणजे तो सिंधी तेलवाला, माझ्या टेम्पोला आयुष्यभर त्यानेच तेल दिलं. तू लहान असताना त्याच्या दुकानात ग्रीसच्या डब्यात हात घातला होतास तोच. मी त्याला बोललो, टेम्पोवालं जाड तेल दे, नव्या गाडीत घालायचंय. तर हा माणूस द्यायलाच तयार नाही! धंदा करायला बसलाय आणि माल देत नाही! मला बोलतो, "साईं, ये तुम्हारा टेम्पो नहीं है. गाडी का किताब लाओ, उसमें जो नंबर लिखा है वही डालो." मी बोललो, किताब शाळेत असते, इंजिनाला कान असतात, ड्रायव्हर ऐकतो. तो हसला आणि त्याने चहा मागवला. मी चहा पिऊन (रागात असलो तरी चहा टाकत नाही) पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुकानातून पाहिजे ते जाड तेल घेतलं, जुनं काढलं, नवं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली तर ती उठलेल्या म्हाताऱ्यासारखी कण्हली. ॲव्हरेज अकराचं दहा झालं. तीन दिवस तशीच चालवली. चौथ्या दिवशी परत हरेशकडे. त्याने एका शब्दाने टोमणा मारला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. काउंटरखालून गाडीच्या पुस्तकातल्या नंबरचा डबा काढून ठेवला. आधीच काढून ठेवलेला होता, बोलतो, "मालूम था, चार दिन में आओगे." मग त्याने मला एवढं एकच सांगितलं, ते मला पटलं म्हणून तुलाही सांगतो. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं, मग डोक्याला लावायला किती वेळ जातो? तसंच जाड तेल सकाळी गार इंजिनात वर चढेपर्यंत आतलं लोखंड कोरडं घासतं, आणि ते जाड तेल ढवळायला इंजिनाला जोर लागतो, जोर लागला की पेट्रोल लागतं. जुन्या टेम्पोत आतल्या फटी मोठ्या, त्याला जाड पाहिजे. नव्या गाडीत फटी केसाएवढ्या, तिला पातळच पाहिजे. झालं. एवढंच जर उस्तादाला कोणी सांगितलं असतं! पुस्तक तुझ्या गाडीच्या खणात अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं, म्हणजे तूही वाचलेलं नाहीस. मी आता वाचलंय. मला फार शहाणपण शिकवू नको.

बरोबर तेल घातलं तर दहाचे परत अकरा झाले. म्हणजे जिथे होतो तिथेच. मग मी डिकी उघडली. डिकीत तांदळाच्या दोन गोणी! बारवीकडच्या आपल्या शेताचा तांदूळ, काकीने दिवाळीपासून तिथेच ठेवलेला, कारण घरात उंदीर आहेत आणि गाडीला दार घट्ट बसतं. सहा महिने मी ते ओझं अंबरनाथ, उल्हासनगर, बारवी असं फिरवून आणत होतो. गोणी उतरवल्या. (काकी दोन दिवस बोलली नाही. ते दोन दिवस बरे गेले.) मग चाकांची हवा बघितली, तर चोवीस. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तेहतीस लिहिलंय. भरली. पाव किलोमीटर वाढला असेल नसेल.

मग श्यामकांत आला. तुला माहीत आहे, समोरच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहतो, अंबरनाथच्या कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झाला, आणि तेव्हापासून आमचा ऑफिसर झाला. रोज जेवून उठलो की दोन ते चार मी त्याच्याकडे पत्ते खेळायला असतो. तो बोलला, हे सगळं पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात म्हणून. मी विचारलं, इथेनॉलने विसाचे अठरा होतील, अकरा कसे होतील? तर बोलतो, तुला केमिस्ट्री कळत नाही. मी बोललो, मला वजाबाकी कळते. त्याने पत्ते टाकले आणि उठला. हरत होता, हे वेगळं सांगायला नको.

बारवीच्या रस्त्याला उतार लागला की मी गाडी न्यूट्रल करायचो, टेम्पोची सवय. एकदा मागे तुझी कौसाआत्या बसलेली, ती देवाचं नाव घ्यायला लागली. अंबरनाथच्या अवधूतने (गॅरेजवाला, पोरगा चांगला आहे, पण बोलताना हातातला पाना माझ्या नाकासमोर फिरवतो) मला झाडलं. बोलला, काका, ही गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की पेट्रोल स्वतःच बंद करते. न्यूट्रल केलंत की इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल घेते, आणि गाडी हातात राहत नाही ते वेगळंच. पस्तीस वर्षं मी उतारावर पेट्रोल वाचवतोय असं समजत होतो. असो, टेम्पो डिझेलचा होता, त्याला माफ आहे.

आता खरी गंमत. मला तुझ्या मोबाईलवर भरवसा नाही आणि गाडीच्या काचेतल्या आकड्यावरही नाही. मी माझ्या पद्धतीने बघितलं. पंपावर टाकी काठोकाठ भरली, सकाळी थेट बारवीला गेलो, आलो, येताना त्याच पंपावर परत काठोकाठ भरली. काच खाली, एसी बंद (मी एसी लावतच नाही, वारा काय कमी आहे?). हिशेब केला, लिटरला एकोणीस. एकोणीस, चेतन! दुसऱ्या दिवशी परत केलं, परत एकोणीस. पण आठवड्याचं बघायला गेलं की अकरा. म्हणजे मी चालवतो तेव्हा गाडी एकोणीस देते, आणि मी चालवत नाही तेव्हा कोणीतरी पेट्रोल पितं.

चोरीचा संशय आला. टाकीच्या झाकणावर मी हळदीचा ठिपका लावला. ठिपका तसाच. मग एकदा पत्ते खेळून चार वाजता घरी आलो तर गाडीखाली पाण्याचं हे एवढं थारोळं. रेडिएटर फुटला! तशीच गाडी काढली, अवधूतकडे नेली, बोललो, चेतन पुढच्या महिन्यात गाडी न्यायला येतोय, त्याआधी रेडिएटर बदल. अवधूतने खाली वाकून बघितलं, अजून गळणारा थेंब बोटावर घेतला, आणि उठून हसायलाच लागला. "काका, रेडिएटरचं पाणी रंगीत असतं. हे साधं आहे, एसीचं. एसी चालला की खाली पाणी पडतं." मी बोललो, शक्यच नाही, मी एसी लावत नाही. तो बोलला, "तुम्ही नाही लावत. लावतंय कोणीतरी, आणि चांगला तासभर लावतंय." आणि पाना माझ्या नाकासमोर धरून सांगितलं की उभी गाडी एसी लावून ठेवली तर तासाला लिटरभर पेट्रोल जातं आणि किलोमीटर एकही पडत नाही. मग अकरा नाही तर काय येणार?

दुसऱ्या दिवशी मी जेवण उरकून नेहमीसारखा श्यामकांतकडे गेलो, पण पत्ते घेतले नाहीत. त्याच्या गॅलरीतल्या तुळशीमागे बसलो. (श्यामकांत बोलला, मीपण बसतो. मी बोललो, तू खोकतोस. तरी बसला.) सव्वादोनला तुझी काकी घरातून बाहेर आली. हातात फोन, आणि पदराला गाडीची दुसरी चावी, जी तू सांभाळून ठेवायला दिलेलीस. तिने फोन कानाला लावला, एक रिंग जाऊ दिली, कापला. आणि चेतन, शपथ घेऊन सांगतो, गाडीजवळ कोणी नसताना गाडी आपोआप चालू झाली! लाईट लुकलुकले, इंजिन फुरफुरलं. श्यामकांतने माझा हात धरला. ऑफिसर होता तो!

मग काकी आत गेली आणि तुझ्या आत्याला हाताला धरून घेऊन आली. आत्याला पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसली (जिला सायकल येत नाही!), एक काच दोन बोटं उघडी ठेवली, आणि दोघी बसल्या. दहा मिनिटांनी गाडी आपोआप बंद पडली. काकीने परत एक रिंग दिली. परत चालू.

मी खाली आलो तो भांडायलाच. आतापर्यंत तुला समजलंच असेल की दिवाळीला तू हर्षदाला स्वयंपाकघरात बसून मोबाईलवरून गाडी गार करून दाखवलीस, ते काकीने बघून ठेवलं होतं. काकीने मिस्ड कॉल द्यायचा, हर्षदाने पुण्यात ऑफिसमध्ये बसून बटण दाबायचं. दहा मिनिटांनी बंद पडते, म्हणून परत मिस्ड कॉल. असं गेले दोन महिने रोज तासभर. तू तुझ्या मोबाईलवर ॲव्हरेज बघून कपाळाला हात लावत होतास, आणि तुझीच बायको तिच्या ऑफिसातून बटण दाबून ते ॲव्हरेज खाली आणत होती.

मी दार उघडलं. तोंडात शिव्या तयार होत्या. पण आत्याने माझ्याकडे बघितलं, सरकायला जागा नव्हती तरी सरकली आणि बोलली, "ये रं देऊ, बस मागं. लवकर दार लाव, वारा जातो भायेर." जसं काही मी स्टँडवर गाडी चुकवली होती आणि तिने माझ्यासाठी थांबवून ठेवली होती.

तुला आत्याचं माहीत आहे तेवढंच माहीत आहे. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, ती चौदाची. जांभळं आणि करवंदं डोक्यावर घेऊन ती बारवीच्या रानातून बदलापूरच्या बाजारात चालत यायची, त्यावर मी सातवीपर्यंत गेलो. (पूर्ण झाली नाही ती माझ्या अकलेमुळे, तिच्यामुळे नाही.) डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून जानेवारीत तिला इकडे आणलं. फेब्रुवारीत ऊन चढलं तशी रोज घोकायची, मला माझ्या पाड्यावर सोड, तुमच्या स्लॅबखाली मला भाजतं. आणि मग एकदम बोलायची थांबली. मी फुशारकीने सगळ्यांना सांगत होतो की भावाच्या प्रेमापोटी राहिली. तुला एसी बसवायला मीच नको बोललो होतो ना, की पंखा आहे, खिडकी आहे, थाटमाट कशाला? भावाच्या प्रेमापोटी नाही, ती तुझ्या गाडीपोटी राहिली.

आणि नुसत्या वाऱ्यासाठीही नाही. बसलं की ती काकीला विचारते, "चंद्रे, आज कुठं जायाचं?" काकी एक गाव सांगते. मग काकी रस्ता सांगते: हे मुरबाड आलं, हा माळशेज, बघ धबधबा. आत्या काचेतून समोरच्या जांभळीकडे बघत राहते आणि मान हलवते. ज्या बाईने आयुष्यात बारवी आणि बदलापूर सोडून काही बघितलं नाही, ती दोन महिन्यांत जेजुरी, गणपतीपुळे, अलिबाग करून आली. बहुतेक वेळा पोचायच्या आधीच झोपते. तासभर गाढ झोपते. ऑपरेशननंतर घरात ती पंधरा मिनिटं सलग झोपली नव्हती.

मी मागे बसलो. त्या दिवशी शिर्डी होती. भांडायचं राहून गेलं.

तर असं आहे. गाडीत खोट नाही. तेल पुस्तकातलं आहे, चाकांत हवा तेहतीस आहे, डिकी रिकामी आहे, न्यूट्रल बंद. आता तू त्या रविवारी येऊन गाडी न्यायची तर ने. मी अडवणारा कोण. किल्ली जागेवर आहे, टाकी भरून ठेवतो.

तुझा,
देऊकाका

ता. क. गाडी नेऊ नकोस. निदान उन्हाळा सरेपर्यंत नको. जेवायला ये, आत्याला भेट आणि बसने परत जा. ॲव्हरेज मोबाईलवर बघायचं बंद कर, त्याने पोट बिघडतं.

ता. क. दोन. हर्षदाला ओरडायचं नाही. मी तुझ्यापेक्षा मोठा आहे आणि मी तिला माफ केलंय. काकीला मात्र मी हे सगळं पत्रात लिहिलंय असं कळू देऊ नकोस. गाडी आपोआप कशी चालू होते विचारलं तेव्हा ती देवाचं काम बोलली (हर्षदाचं आत्याने मला हळूच सांगितलं), तिला वाटतं मला ते अजून पटलेलंच आहे, आणि त्यामुळे ती माझ्याशी जरा मऊ बोलते.

ता. क. तीन. घरात एसी पाठवायचं डोक्यात आलं असेल तर ते काढून टाक. मी आत्याला विचारलं. ती बोलली, घरात गार वारा लावून कुठं जाता येतं का?

ता. क. चार. मोबाईलवर आता नऊ दिसत असेल. घाबरू नकोस. श्यामकांतपण यायला लागलाय. मागे माझ्या बाजूला बसतो आणि काकीने सांगितलेले रस्ते दुरुस्त करतो.

ता. क. पाच, शेवटचं. पुढच्या सोमवारी दुपारी सव्वादोनला आम्ही चौघं पुण्याला तुमच्या घरी यायला निघतोय. आत्याने तुमच्याकडे न्यायला लाडू बांधून ठेवलेत, ते मी खाणार. हर्षदाला सांग, त्या दिवशी मीटिंग ठेवायची नाही आणि मिस्ड कॉल आला की लगेच बटण दाबायचं. गेल्या आठवड्यात नाशिकला जाताना तिने उशीर केला आणि आम्ही कसाऱ्याच्या घाटात दहा मिनिटं उकडत बसलो.